चढावरच्या गप्पा

इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या चादरी उपसल्या की हात खांद्यापासून निखळतील असं वाटतं. तरी मी बाबांना शब्द देऊन बसले होते, रोज संध्याकाळी सायकलवरून नदीच्या पुलापर्यंत जाईन आणि तिथली खबर आणीन. त्यांचे गुडघे कामातून गेले तेव्हापासून खिडकीतली खुर्ची हेच त्यांचं जग झालं होतं.

"गेली होतीस?" ते विचारायचे. मी कुठली जातेय! घरी येऊन "जरा टेकते" म्हटलं की थेट सकाळ. आई म्हणायची, "आरंभशूर आहे नुसती!" मग बाबांनी विचारणंच सोडलं. ते मला फार लागलं.

बाबा गवंडी होते. मी लहान असताना ते दिवसभर परांचीवर उभे राहून गिलावा करायचे आणि संध्याकाळी घरात न येता फाटकातूनच सायकलची घंटी वाजवायचे. मी माझी छोटी सायकल काढून धावत सुटायचे. आई खिडकीतून पाणी देत कुरकुरायची, "हातपाय तरी धुवा! चोर आहात का, बाहेरच्या बाहेर पळायला?"

पुलाच्या अलीकडे मोठा चढ आहे. तिथं बाबा हटकून खाली उतरायचे. म्हणायचे, "सायकल चालवताना गप्पा होत नाहीत नीट." मग आम्ही सायकली ढकलत चालायचो. मी शाळेतलं सगळं ओतायचे आणि ते हूं हूं करत ऐकायचे. तेवढं सुख मला पुढं कुठल्याच रस्त्यावर मिळालं नाही. बाबांच्या अंगात घोड्याचं बळ आहे, अशी माझी खात्री होती.

शेवटी मीच विचारलं, "दिवसभर राबून रोज पुलावर जायला तुम्हाला कसं हो जमायचं, बाबा?"

"आत आलो की संपलो, हे ठाऊक होतं. म्हणून आत यायचोच नाही."

दुसऱ्या दिवशी मी फाटकातूनच घंटी वाजवली. आई पाणी घेऊन खिडकीशी आली. "बापावर गेली मेली!" म्हणाली, पण हसत होती. चढावर माझ्या मांड्या लटपटल्या आणि मी उतरले. सायकल ढकलता ढकलता एकदम सगळं लख्ख कळलं, आणि मला रडूच आलं.

परत आले तर बाबा खुर्चीत पुढं सरकून बसले होते. "कोण होतं पुलावर?"

"दोघं गळ टाकून बसले होते. मासा मात्र एकही नाही."

"आणि चढ?"

"उतरले." मी त्यांच्या पायाशी बसले. "तुम्ही गप्पांसाठी उतरत नव्हता ना? दमलेले असायचात."

"पहिल्या दिवशी दमूनच उतरलो," बाबा म्हणाले. "पण तू बोलायला लागलीस. मग पुढं अंगात जोर असला तरी उतरायचो."