बेटावरचा आहेर

मित्रांनो, आधी हात धुऊन या, मग मला हात लावा. आणि नाकं मुरडू नका. मी एक जुना टॉवेल आहे, अंगावर हळदीचे डाग आहेत, एका कडेचे दोरे सुटलेत, हे मला ठाऊक आहे. पण माझा काठ जरा उजेडात धरून बघा. निळ्या सुतात नाव विणलेलं दिसतंय ना? ते समुद्रावरच्या एका मोठ्या हॉटेलाचं नाव आहे. आज मी नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे, झेंडू पिकवणाऱ्या बहिरूच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहतो. नशीब कुणाला कुठे नेऊन टाकील, काही सांगता येत नाही.

माझा जन्म सोलापूरचा. कापूस, सूत आणि मग मागाची दिवसभर खटखट. मी मागावरून उतरलो तो पांढराशुभ्र आणि असा गुबगुबीत, की माझ्यावर हात फिरवून एक कामगार म्हणाला, "हा काय आपल्या घरी यायचा नाही." खरंच बोलला बिचारा. माझी रवानगी आधी ट्रकने, मग जहाजाने, थेट अंदमानातल्या एका बेटावर झाली.

काय सांगू ते दिवस! सकाळी लख्ख ऊन पडायचं आणि समोर निळा समुद्र. पाहुणे वाळूत लांबलचक खुर्च्यांवर पडून राहायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती माणसं काही म्हणजे काहीच करायची नाहीत, आणि तरी दमायची. कुणी पाण्यातून बाहेर आलं की मी त्यांच्या अंगावर. खारं पाणी, वाळूचे कण, वरून ऊन. अंग कसं खरपूस व्हायचं! खोल्या आवरणारी एक बाई माझी घडी घालून, मान वाकवून माझा राजहंस करायची आणि पलंगाच्या मधोमध बसवायची. पाठीवर एक चाफ्याचं फूल. मला वाटायचं, आपलं आयुष्य आता असंच जाणार.

तेवढ्यात बहिरू आला.

बहिरूची धाकटी लेक शुभांगी त्या हॉटेलात नोकरीला होती. नाशिकला हॉटेलचा कोर्स केला आणि पोरगी उडाली ती थेट बेटावर. तिथल्या नोकरांच्या घरच्या माणसांना वर्षातून एकदा दोन दिवस पाहुणे म्हणून राहायला बोलवायची पद्धत होती. तिने आईवडील दोघांना बोलावलं. पण दसरा तोंडावर आलेला, झेंडू फुलावर. दोघं गेली तर फुलांचा तोडा कोण बघणार? नवसाबाई नवऱ्याला म्हणाली, "तुमी जाऊन या आधी. म्या पुढल्या वर्षी जाईन."

बहिरूने खोलीचं दार उघडलं आणि मला बघून तो दारातच थबकला. पायातल्या वहाणा काढल्या. जवळ आला, माझ्या पाठीवरचं फूल उचलून कपाळाला लावलं. मित्रांनो, तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे लग्नकार्यात पाहुण्याला टॉवेल-टोपी देऊन मान करतात. इथे कोरा करकरीत टॉवेल घडी घालून, वर फूल ठेवून, खोलीत शिरल्या शिरल्या समोर मांडलेला! बहिरूला वाटलं, हा आपला आहेर. दुसरं वाटणार तरी काय? स्वतःशीच म्हणाला, "लय मोठी मान्सं. टोपी तेवढी ऱ्हायली वाटतं."

दोन दिवस त्याने मला बोटसुद्धा पुसलं नाही. अंग पुसायला स्वतःचा पंचा वापरला. जाताना मला पिशवीत तळाला ठेवलं आणि माझ्या जागी, पलंगाच्या मधोमध, नाशिकच्या चिवड्याची मोठी पुडी ठेवली. आहेर घेतला की परत आहेर करावा लागतो ना! शुभांगीला मात्र तो काही बोलला नाही. मिळालेल्या आहेराची चारचौघांत वाच्यता केली तर पोरीला वाटेल, बाप हावरा आहे.

असा मी नाशकात आलो. नवसाबाईने मला हळदकुंकू लावलं. (हाय रे देवा, तेव्हापासून मी डागाळलोय!) मग मला नाकाशी धरून तिने लांब श्वास घेतला. "समुद्राचा वास हे काय हो?" बहिरू म्हणाला, "आसल. तिथलं समदंच खारट."

पुढे माझं आयुष्य दोन भागांत विभागलं गेलं. एरवी पेटीतला अंधार आणि डांबराच्या गोळ्या. आणि लग्न असलं की बहिरूचा खांदा. धुतलेला सदरा घालून, मला घडी मोडू न देता खांद्यावर टाकून तो मांडवात जायचा. कुणी ना कुणी विचारायचंच, "बहिरूभाऊ, टावेल भारी हे!" की झालं. "पोरीच्या हाटेलात माझा मान केला त्यांनी. म्या झेंडूवाला मानूस, पन खोलीत पाय टाकायच्या आत आहेर." असं सांगताना त्याचा खांदा माझ्याखाली थोडा वर उचलला जायचा. मला ते जाणवायचं. माझी ऐट वाढायची हे खरं, पण मनातून मी रडत होतो. मला माझा समुद्र हवा होता. ते ऊन हवं होतं. पेटीत पडल्या पडल्या मी लाटा मोजायचो, आणि मोजायला लाटाच नसायच्या.

आणि मित्रांनो, त्या घरात समुद्रासाठी झुरणारा मी एकटा नव्हतो.

बहिरू फुलं घेऊन बाजाराला गेला की दुपारी नवसाबाई हळूच पेटी उघडायची. अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मला पसरायची, खुर्ची मळ्याकडे वळवायची आणि पाय लांब करून बसायची. समोर झेंडूच्या वाफ्यांपलीकडे काय दिसायचं तिचं तिला ठाऊक. तुम्ही म्हणाल, समुद्रच बघायचा तर मुंबई काय लांब आहे? पण तिला नुसता समुद्र नको होता. बहिरूने तिला सांगितलं होतं, की सकाळी दार वाजवून चहा आणून देतात, अंथरूण दुसरंच कुणी आवरतं, आणि आपण नुसतं पाण्याकडे बघत बसायचं. जन्मभर दुसऱ्यांना चहा देणाऱ्या बाईला हे स्वप्नातसुद्धा खरं वाटायचं नाही. तिला दोन दिवस तसं बसून बघायचं होतं. आपली लेक तिथे कशी वावरते, ते डोळे भरून बघायचं होतं. पाच मिनिटं होतात न होतात तोच वासरू हंबरायचं आणि ती उठायची.

पुढल्या वर्षाची तिने सगळी तयारी केली. नवं पातळ आणलं, चाकांची बॅग आणली, विमानात कान दुखतात म्हणून लवंगासुद्धा बांधून ठेवल्या. पण बोलावणं आलं नाही. शुभांगी फोनवर म्हणाली, "यंदा जमणार नाही आई. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही तेच. नवसाबाई म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, मला कुठं घाई हे?" फोन ठेवला की मात्र बॅगेवरची धूळ पुसायची.

तिसऱ्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर शुभांगीला एकदाची सुट्टी मिळाली. ती न कळवता दुपारी घरी आली. बघते तर आई अंगणात खुर्चीवर पाय पसरून बसलेली, आणि पाठीमागे मी.

पोरीने माझा काठ पाहिला आणि तिचा चेहरा पडला. "आई, हा टॉवेल इथे कसा आला?"

नवसाबाई हौसेने सांगत गेली, आहेर, फूल, चिवडा, सगळं. ऐकता ऐकता शुभांगी पायरीवर खालीच बसली. "अगं आई, तो आहेर नव्हता. पाहुण्यांनी वापरून तिथेच ठेवायचा असतो तो. टॉवेल गायब झाला म्हणून साहेबांनी माझ्या नावावर लिहून ठेवलं. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, माझे अण्णा दुसऱ्याच्या बांधावरचं लिंबूसुद्धा उचलत नाहीत. त्यांना विचारणंसुद्धा मला पाप वाटलं. आणि तेव्हापासून माझं घरचं माणूस बोलवणं बंद झालं."

नवसाबाईचा हात माझ्यावरच होता. तिने तो काठावरच्या निळ्या नावावरून फिरवला.

"पण आता सोपं आहे," शुभांगी घाईने म्हणाली. "हा परत द्यायचा आणि अण्णांनी चिठ्ठी लिहायची, की चुकून नेला. त्यांची सही लागेल. एवढं झालं की साहेब बोलावणं मोकळं करतील. उन्हाळ्याच्या आत नेते तुला. तुझी शपथ!"

मित्रांनो, त्या क्षणी माझा एकेक धागा ओरडत होता, दे! दे मला! मला पाठव! तुझाही समुद्र मोकळा, माझाही मोकळा! आणि तिला हवं नव्हतं असं थोडंच? तिने मान वळवून ओसरीत उभ्या असलेल्या त्या चाकांच्या बॅगेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सही त्यांचीच लागंल?"

"हो. चिठ्ठी त्यांच्याच नावाने हवी."

"मंग त्यांना कळंल." नवसाबाई उठली. तिने माझी घडी घातली, काठावर काठ बसवून. "पोरी, तुझ्या बापाला बाजारात समदे म्हन्तात, बाजूला सर. कचेरीत गेला तर म्हन्तात, उद्या ये. जन्मात कुनी त्याला पाहुना म्हनून बसवलं नाय. एकदाच वाटलं त्याला, की आपला मान झाला. पंचक्रोशीत सांगत फिरतोय गं तो! आता त्याला सांगू, की बाबा, तू चोरी केलीस?"

"चोरी नाही गं, चूक."

"त्याला चोरीच वाटंल. मान वर करून मांडवात जायचा न्हाय परत."

"आणि तुझं काय, आई?"

"समुद्र काय पळून चाललाय?" असं म्हणून तिने मला पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

मला तिचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू? अंधारात मी तिला नाही नाही ते बोललो. तीन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, ते या बाईने एका झाकणाखाली दाबून टाकलं होतं.

चार दिवसांनी शुभांगी परत निघाली. त्याच दिवशी गावात लग्न होतं, म्हणून बहिरूने मला खांद्यावर घेतलं होतं. रिक्षा दारात उभी. बहिरू लेकीला म्हणाला, "साहेबाला माझा नमस्कार सांग. आन् म्हनावं, आवंदा आमच्या हिला बी बोलवा. तिचा बी मान होऊ दे की एकदा. लय आस हे तिला."

शुभांगीने आईकडे पाहिलं.

नवसाबाई हसली आणि पदराने तोंड झाकत म्हणाली, "नगं बया. मला मेलीला पान्याचं लय भ्याव वाटतं. म्याच तिला सांगितलं, बोलवू नगं म्हून."

"भ्याव?" बहिरू खो खो हसला. "आगं, आदी सांगायचं ना! उगं मी तीन वर्सं जीवाला लावून घेतलं." आणि हलक्या मनाने, मला खांद्यावर नीट करत, तो मांडवाकडे चालू लागला.

मी वळून पाहिलं. ती दारात उभी होती. मित्रांनो, मी त्या घरात तीन वर्षं राहिलोय. पाटाला पाणी सुटलं की कमरेएवढ्या धारेत उतरून पाणी अडवणारी मातीची पोती काढणारी बाई आहे ती. माझा राग तिथल्या तिथे विरघळला, आणि त्या दिवसापासून लग्नात बहिरूचा खांदा वर उचलला गेला, की मीही होईल तेवढा ताठ बसतो.

आता माझं एकच मागणं आहे. मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. सूत आहे, कधीतरी विरणारच. दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलू नका, हे तुम्हाला मास्तर सांगतीलच. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन त्या बाजूला निघालंच, तर मखमलाबादवरून जा. नवसाबाईला सोबत घ्या. ती नको नको म्हणेल, पाण्याला भिते म्हणेल, तिचं ऐकू नका. तिला तिथे खुर्ची द्या, हातात चहा द्या, आणि कुणी उठवू नका.

मला नाही नेलंत तरी चालेल.