अंगणातला मुक्काम

आपला नवरा घरी एक असतो आणि घराबाहेर दुसराच, हे व्हर्नाला पहिल्यांदा कळलं ते मे महिन्यात, तळ्याकाठच्या कडाक्याच्या थंडीत.

तिचं आणि ओरेस्टचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. दोघांनीही साठी ओलांडलेली, दोघांचेही पहिले जोडीदार देवाघरी गेलेले. कॅनडात, सस्कॅचवानच्या सपाट मैदानातलं त्यांचं गाव एवढंसं. तिथे दगड भिरकावला तर तो युक्रेनी आडनावाच्याच माणसाला लागायचा. त्यामुळे दोघं एकमेकांना ओळखून होती जन्मभर, पण ते चर्चच्या पायऱ्यांवर हवापाण्याचं बोलण्यापुरतं. लग्नानंतर ओरेस्ट दोन खोकी आणि मासे धरायचे गळ घेऊन व्हर्नाच्या घरी राहायला आला. ते घर पीटरनं, तिच्या पहिल्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातांनी बांधलेलं. ओरेस्ट त्यात वावरायचा तो पाय न वाजवता. कपाट उघडण्याआधी विचारायचा, "हा कप घेऊ का?"

"घे की. विचारतोस काय?" व्हर्ना म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्वभावच गरीब आहे बिचाऱ्याचा, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

मग दोघांनी मिळून एक जुना ट्रेलर घेतला. गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर: एक पलंग, दोन चुलींचा ओटा आणि वळलं तर कोपर भिंतीला लागेल एवढी मोरी. ओरेस्टचा गुडघा धड नव्हता, म्हणून गाडी व्हर्ना चालवायची. मे महिन्यात, तळ्याकाठच्या पहिल्याच मुक्कामावर ट्रेलर मागे घेऊन दोन झाडांमध्ये उभा करताना तिला घाम फुटला.

"डावीकडे घे! डावीकडे गं!" ओरेस्ट मागून हात नाचवत ओरडला.

"कुणाच्या डावीकडे? तुझ्या की माझ्या?"

"ट्रेलरच्या!"

"ट्रेलरला डावं-उजवं कळतं हे मला ठाऊक नव्हतं!"

आजूबाजूच्या ट्रेलरवाल्यांनी खुर्च्या वळवून घेतल्या आणि कॉफीचे घोट घेत हा फुकटचा तमाशा पाहिला. शेवटी ट्रेलर तिरपाच राहिला. पण आत शिरल्यावर व्हर्ना बघतच राहिली. ओरेस्टनं सगळे खण धडाधड उघडले, भिंतीला खुंट्या ठोकल्या, मिठाची बरणी तिच्या हातातून काढून घेऊन तो म्हणाला, "इथे नको, चुलीशी हवी." आणि मोठ्यानं गाऊ लागला, तोही बेसूर. हा कोण माणूस, असं तिच्या मनात आलं. तीन दिवस ती त्याच्याकडे नव्या शेजाऱ्याकडे बघावं तशी चोरून बघत होती.

घरी परतल्यावर संध्याकाळी त्यानं कपाटापाशी थांबून विचारलं, "हा कप घेऊ का?"

जूनच्या अखेरीस ते पुन्हा निघाले. त्या सुट्टीसाठी तळ्याकाठची जागा त्यांनी भर हिवाळ्यातच राखून ठेवली होती. मधल्या काळात ट्रेलर अंगणातच उभा होता. दीडेक तास गाडी हाकून ते पोचले. ओरेस्ट गॅस सुरू करायला पुढे गेला. ट्रेलरच्या नाकाशी दोन सिलिंडर असतात आणि त्यांच्यावर प्लास्टिकचं मोठं झाकण. ते त्यानं उचललं आणि तसाच थबकला.

"व्हर्ना, इकडे ये. हळू ये."

दोन सिलिंडरांमधल्या फटीत काटक्या ठासून भरल्या होत्या. वर पिसांची वाटी, आणि वाटीत चार-पाच पिलं. अंगावर पिसं नाहीत, डोळे धड उघडलेले नाहीत. झाकण हललं तशी त्यांनी चोची आऽ वासल्या.

"अरे देवा," व्हर्ना म्हणाली. "ती तपकिरी चिमणुकली! शेपटी उभी करून दिवसभर माझ्या खिडकीशी भांडायची. मला वाटायचं, हिला झालंय तरी काय!"

"आता ती रिकाम्या अंगणात बसली असेल," ओरेस्ट म्हणाला.

शेजारच्या जागेवरचा माणूस डोकावला. "पक्षीच ते," तो म्हणाला. "निसर्गाचं निसर्ग बघून घेईल."

"निसर्गानं नाही आणलं त्यांना इथे," व्हर्ना म्हणाली. "मी आणलं."

दोघांनी तळ्याकडे बघितलं. पाणी ऊन पिऊन चकाकत होतं. मग ओरेस्टनं झाकण अलगद पुन्हा बसवलं आणि व्हर्ना गाडीत जाऊन बसली.

घरी पोचल्यावर खरी परीक्षा होती. ट्रेलर पहिल्या जागीच उभा राहायला हवा, हातभरही इकडेतिकडे नको. नाहीतर आईनं पिलांना शोधायचं कुठे? गवतावर चाकांचे पिवळे चट्टे उमटले होते. ओरेस्ट कुंपणाला टेकून उभा राहिला. त्यानं हात उचलला नाही की अवाक्षर काढलं नाही. व्हर्नानं आरशात बघत ट्रेलर मागे घेतला. चाकं त्या चट्ट्यांवर अशी बसली जशी पेटीवर तिचंच झाकण.

मग दोघं गाडीतच बसून राहिली. बराच वेळ काही झालं नाही. ओरेस्ट नखं खात होता. शेवटी ती तारेवर आली, चोचीत हिरवी अळी. आधी तिनं ट्रेलरला चांगल्या चार शिव्या घातल्या, मग शेपटी फडकावून झाकणाखाली शिरली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती.

"खाल्लं!" ओरेस्टनं व्हर्नाच्या मांडीवर थाप मारली. "खाल्लं गं त्यांनी!"

ट्रेलर आता पिलं उडेपर्यंत हलणार नव्हता. व्हर्ना सामान घराकडे न्यायला लागली तसा तो म्हणाला, "राहू दे की. सुट्टीला म्हणून निघालोय ना? इथेच राहू."

"आपल्याच अंगणात?"

"का? जागा चांगली आहे. आणि गर्दी नाही."

अशी ती दोघं स्वतःच्या दारात मुक्कामाला राहिली. गॅसला हात लावायचा नाही म्हणून स्वयंपाक बाहेर, विटांच्या चुलीवर. सकाळी कुंपणापलीकडून ऐंशीचे वासिलकाका डोकावले.

"काय रे ओरेस्ट, दोनच वर्षांत घराबाहेर काढलं का हिनं?"

"मलाही काढलंय, काका," व्हर्ना म्हणाली.

"मग आत आहे कोण?"

"कुणी नाही."

म्हाताऱ्यानं पिलांची सगळी हकीकत ऐकली, मान डोलावली, आणि जेवायच्या वेळी शेपूची जुडी आणि आपली खुर्ची घेऊन आला. बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, म्हणजे पिरोही, हाणून मगच गेला.

रोज संध्याकाळी दोघं ट्रेलरच्या दाराशी खुर्च्या टाकून बसायची. एका बाजूला मोहरीची शेतं पिवळीधमक, त्यांच्यामागे सूर्य रेंगाळत बुडायचा; दुसऱ्या बाजूला घर. व्हर्नाला आपलं घर असं बाहेरून, निवांत बघायची सवय नव्हती. कुणा परक्याचं घर बघावं तसं ती ते बघत होती.

"एक विचारू?" एका संध्याकाळी ओरेस्ट म्हणाला. "या बाजूला एकही खिडकी का नाही?"

व्हर्ना बघू लागली. पश्चिमेची आख्खी भिंत कोरी होती. घर सूर्याकडे पाठ करून बसलं होतं.

"पीटर म्हणायचा, वारा तिकडूनच येतो. हिवाळ्यात हाडं गोठतील."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी?" ती आठवायला लागली. "मी काहीच म्हणाले नाही. त्याला घरं कळायची." मग तिनं विचारलं, "तू दोन वर्षं हेच बघत होतास?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

ओरेस्टनं चुलीतलं लाकूड उगाच हलवलं. "पाहुण्यानं यजमानाच्या भिंतीबद्दल बोलावं का?"

व्हर्नाला राग आला, पण नक्की कुणाचा ते तिलाही उमगेना. "ओरेस्ट," ती म्हणाली, "त्या घरात तुझी खुर्ची कुठली?"

"दाराजवळची."

"ती जाणाऱ्या-येणाऱ्याची."

"तेच म्हणतोय मी."

यावर तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. त्यानं रुमाल पुढे केला. त्या संध्याकाळी ती प्रश्न विचारत सुटली. घरातलं काय खुपतं, काय आवडतं, सकाळी आधी काय प्यायला आवडतं. आणि त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. काही तिला मुळीच पटली नाहीत. फ्रिज दुसऱ्या कोपऱ्यात हलवण्यावरून तर दोघांची चांगलीच जुंपली, आणि तेही तिला बरं वाटलं.

पिलं जुलैच्या मध्याला एका सकाळी एकेक करून उडाली. शेवटचं झाकणाच्या काठावर बसून फार वेळ विचार करत होतं.

ऑगस्टमध्ये ओरेस्टनं पश्चिमेच्या भिंतीला खिडकीसाठी खिंडार पाडलं. वासिलकाका उभे राहून सूचना देत होते, व्हर्ना विटा वेचत होती. पीटरच्या हातचं बांधकाम चांगलंच चिवट निघालं. "गडी पक्का होता," ओरेस्ट घाम पुसत म्हणाला, आणि व्हर्नाला ते मनापासून आवडलं.

सप्टेंबरात त्यांना तळ्याकाठी पुन्हा जागा मिळाली. पलीकडच्या ट्रेलरमधली बाई गप्पा मारायला आली. "किती वर्षं हिंडताय असं?"

"पहिलंच वर्ष," ओरेस्ट म्हणाला. "दोनदा इथे राहिलो. त्यातलं मे महिन्यातलं धरू नका, तेव्हा आम्ही तिरपे होतो. सगळ्यात मोठा मुक्काम घराच्या अंगणात."

"अंगणात?"

झालं, त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि पिलांची गोष्ट रंगवून सांगायला घेतली. व्हर्ना मधेमधे चुका काढत होती. अळी हिरवी होती, तपकिरी नाही. शेवटी बाईनं विचारलं, "उडाली तेव्हा बरं वाटलं असेल नाही?"

"छे," ओरेस्ट म्हणाला. "मी तर रोज मनात म्हणायचो, सावकाश वाढा रे. एवढी घाई कसली?"

व्हर्नानं वळून त्याच्याकडे बघितलं. हे तिला त्यानं सांगितलं नव्हतं.

"अजून काय काय म्हणायचास?" तिनं विचारलं.