चार ओळींचं माफीपत्र

"हे अक्षर मुलाचंच?" तिसऱ्या वकिलाने कागदावरून मान वर न करता विचारलं.

"हो साहेब. सहीपण त्याचीच," शाळेचा शिपाई म्हणाला. वेळ कसलीही असो, मुलाच्या वळणदार अक्षराचा त्याला अभिमान होता.

"मग आता मी काय करू? 'दुकान मी फोडलं, पुन्हा असं करणार नाही', असं पोरगं लिहूनच देऊन बसलंय. कुणी शिकवलं हे शहाणपण?"

शिकवलं होतं शिपायानेच. शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापकांच्या दाराशी स्टुलावर बसून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती: चार ओळींचं माफीपत्र दिलं की प्रकरण मिटतं. काचा फोडणारी, डोकी फोडणारी किती पोरं त्याने मजकूर सांगून वाचवली होती! पोलीस ठाण्यातही त्याने तेच केलं. पंधरा वर्षांचा त्याचा मुलगा काहीतरी बोलू पाहत होता, तर हा म्हणाला, "आधी लिही, मग बोल." आणि स्वल्पविरामासकट मजकूर सांगितला. मुलगा घरी येण्याऐवजी बालसुधारगृहात गेला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. घरी हे सांगायलाही कुणी नव्हतं, आणि एकट्यासाठी चूल पेटवणं त्याच्या जिवावर आलं होतं.

वकिलाने कागद परत दिला. सुनावणी उद्यावर आली होती. कोर्टाच्या जिन्यात शिपाई कपाळाला हात लावून बसला, तेव्हा झाडणाऱ्या बाईने विचारपूस केली.

"अहो, मुलांना फुकट वकील मिळतो की! तळमजल्यावर शेवटची खोली. कुणी सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

शेवटच्या खोलीतल्या वकीलबाई वयाने कोवळ्या दिसत होत्या. कागद वाचून त्या उठल्याच. "चला, मुलाला भेटू."

सुधारगृह समोरच्याच इमारतीत होतं. दाराशी शिपाई म्हणाला, "मी सांगतो ना बाई सगळं. तो बुजरा आहे, त्याला बोलता येत नाही."

"काका, मी वकील त्याची आहे, तुमची नाही. तुम्ही बाहेर बसा."

दार लागलं. आतून मुलाचा आवाज येऊ लागला आणि थांबेचना. आपला मुलगा इतका वेळ बोलू शकतो, हे शिपायाला ठाऊकच नव्हतं. त्याला बरं वाटलं आणि बाईंचा हेवाही वाटला.

अर्ध्या तासाने बाई बाहेर आल्या. "केस मी घेतली. त्या कागदावर उद्या हरकत घेते."

शिपायाचा जीव भांड्यात पडला. "काय म्हणाला तो?"

"ते मला सांगता येणार नाही. पण एक विचारते. लिहायला लावण्याआधी, त्यानं खरंच हे केलंय का, असं तुम्ही त्याला विचारलं होतंत?"

"नाही," शिपाई म्हणाला. "ते राहूनच गेलं."

तेवढ्यात रखवालदार मुलाला घेऊन बाहेर आला. आता तरी विचारावं म्हणून शिपाई ताडकन उठला. बाईंनी हात आडवा केला. "आत्ता नको, काका. इथं सगळ्यांसमोर त्याला काही विचारू नका."

मुलगा थांबला. आता काय म्हणायचं ते बाप सांगेल, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.