कार्पच्या ओठातली खोटी तुती

मी एक खोटी तुती बोलतेय. खोटी म्हणजे लोकर आणि दोरा गुंडाळलेला गळ. मासे धरणारी मंडळी आम्हा सगळ्यांना सरसकट 'माशी' म्हणतात. मी जन्मात कधी उडाले नाही, पण नाव पडलं ते पडलं. सध्या माझा मुक्काम एका जिवंत माशाच्या ओठात आहे, आणि तिथे राहणं मला मुळीच आवडत नाही.

माझा जन्म एका घड्याळजीच्या टेबलावर झाला. लोकर त्याच्या लेकीच्या लहानपणच्या जांभळ्या स्वेटरची. तळ्याकाठी तुतीचं झाड आहे. पिकलेली तुती टपकन पाण्यात पडते, खालून कार्प मासा येतो आणि 'चप्प' करून ती ओढून घेतो. त्याला फसवायला मी.

घड्याळजी मासा धरायचा, त्याच्याशी दोन गोड शब्द बोलायचा आणि सोडून द्यायचा. म्हणून घरात नियम होता: गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपायचा, मग गळ सदऱ्याच्या बाहीत टोचून ओढून बघायचा. अलगद सुटला तरच डबीत ठेवायचा. लेक अक्षरं गिरवत होती त्या वयात त्यानं तिला हे शिकवलं होतं.

पण त्याची नजर अधू झाली होती, आणि हे फक्त आम्हा टेबलावरच्यांना ठाऊक होतं. मला त्यानं बोटांनी चाचपतच बांधलं. लेक खोलीत आली की भिंग डोळ्याला लावायचा, ते नुसतं दाखवण्यापुरतं.

"बाबा, डोळे दाखवून या ना एकदा."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"मग चहात मीठ कुणी घातलं?"

"तुझं बीपी कमी असतं ना, म्हणून मुद्दाम घातलं."

लेक हसली. मला मात्र हसू येईना. तिला कळलं असतं तर तिनं त्याला पाण्यावर एकटं सोडलं नसतं, आणि तळं सुटलं की हा माणूस खचणार, एवढं मलाही कळत होतं.

त्या दिवशी मी आणि माझ्यासारखीच दुसरी खोटी तुती, अशा आम्ही दोघी टेबलावर शेजारीशेजारी पडलो होतो. त्यानं शेजारणीचा काटा चेपला, बाहीत टोचून पाहिला आणि खाली ठेवला. मग मला उचलायचं सोडून पुन्हा तिलाच उचललं, पुन्हा चेपलं. मी जीव तोडून ओरडले. पण लोकरीला कुठला आवाज!

संध्याकाळी त्यानं मला झाडाखाली फेकलं. नेम अजून तसाच होता. मी टपकन पडले, 'चप्प' झालं आणि काठी वाकली. केवढा थोरला कार्प तो! काठीचा दोरा एका जागी चिरला होता, तोही घड्याळजीला दिसला नव्हता. तटकन तुटला. मासा मला घेऊन खोल गेला आणि माझा काटा त्याच्या ओठात रुतून बसला.

पुढचं मी पाण्यातूनच ऐकलं. लेक त्याला न्यायला आली होती आणि डबी उघडून काठावर बसली होती.

"बाबा, हिचा काटा किती चपटा झालाय! दोनदा चेपलात का?" मग ती थांबली. "आणि गेली ती?"

घड्याळजीनं तो चपटा काटा बोटांनी चाचपला. "ती तशीच गेली असणार," तो म्हणाला. "दिसत नाही गं मला." आणि लहान मुलासारखा रडला.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ. पण त्या माशाच्या तोंडात काटा तसाच राहिला ना गं…"

आता ती दोघं बरोबरच येतात. काठी आणत नाहीत. लेक फांदी हलवते, तुती टपटप पडतात. माझा कार्प येतो, तोंड पुढे करतो, मी त्याला टोचते आणि तो मागे फिरतो. बिचारा रोडावलाय. डोळे मिटून कान लावून बसलेला घड्याळजी मला इथून दिसतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पाण्या, तुला एवढंच मागणं आहे. मला लवकर गंजव. लोकर तर कधीच कुजली, आता लोखंडही खाऊन टाक. एक दिवस मी तुटून गाळात पडेन आणि वर 'चप्प' असा आवाज होईल. तेवढा त्याला डोळ्यांशिवायही कळेल.