भैरवीनंतरचं गाणं

अच्युतराव मुळ्यांच्या घरी सकाळचा चहा सुरात व्हायचा. म्हणजे मनोरमाबाई गॅसपाशी उभ्या राहून काहीबाही गुणगुणायच्या, आणि बाहेरच्या खोलीत पेपराआड बसलेले अच्युतराव कान देऊन चाल ओळखायचे. चाल त्यांची स्वतःची असली तर पेपर खाली यायचा, दुसऱ्या कुणाची असली तर वरच राहायचा. माणूस वाईट नव्हता. उभा जन्म कारखान्यातल्या टर्बाइनशी झटला, निवृत्त होऊन भोपाळच्या अयोध्या नगरात घर बांधलं, कुणाचं कधी वाकडं केलं नाही. फक्त आपण लावलेल्या चालींवर त्यांचा जरा जास्तच जीव होता.

गेले कित्येक महिने त्या घरातला चहा मुकाट्याने उकळतो आहे. असं का झालं ते सांगायचं तर अल्बमपासून सुरुवात करायला हवी.

मनोरमाबाई अकोल्याच्या. लग्नाआधी रीतसर शिकलेल्या, गळा गोड आणि ताल पक्का. भोपाळला आल्यावर मराठी मंडळाची अशी एक बैठक नसेल जिच्यात त्या गायल्या नाहीत. शेजारी पेटीवर अच्युतराव. पण एवढं गाऊन त्यांचा आवाज कुठे नीट जपून ठेवलेला नव्हता. ही खंत अच्युतरावांनाच जास्त होती, आणि हे त्यांच्या बाजूने आवर्जून सांगितलं पाहिजे. बायकोची पासष्टी आली तेव्हा त्यांनी ठरवलं, की शाल-नारळ काही नको, हिची गाणी रेकॉर्ड करायची.

कारखान्याच्या जुन्या क्वार्टर्समधल्या शेजाऱ्यांचा प्रतीक शहराच्या टोकाला मिसरोदला एका फ्लॅटमध्ये स्टुडिओ चालवायचा. भिंतींना गाद्या लावलेल्या. वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या थांबल्या, की मग दुपारी रेकॉर्डिंग. सात गाणी झाली. सहांच्या चाली अच्युतरावांच्या आणि सातवी भैरवी. ती मात्र शब्दांसकट मनोरमाबाईंची. आयुष्यात त्यांनी एवढी एकच चाल लावली होती. ‘दार ओढुनी घेते आता, दिवा राहू दे,’ असं तिचं ध्रुवपद.

गाण्यांचा क्रमही त्यांनीच लावला, आणि त्यासाठी कितीतरी दिवस घेतले. एका लयीची दोन गाणी शेजारी नकोत. वरच्या पट्टीतल्या गाण्यानंतर ऐकणाऱ्याला जरा टेकायला जागा हवी. भजन फार लवकर नको, फार उशिरा नको. सातही गाण्यांची मिळून एक बैठक झाली पाहिजे, असं त्या म्हणायच्या, आणि अल्बमचं नावही त्यांनी ‘बैठक’ ठेवलं. भैरवीचा शेवटचा शब्द गाऊन झाल्यावर प्रतीकने काचेपलीकडून अंगठा वर केला, तर त्यांनी मान हलवून त्याला थांबवलं. तानपुरा पुढे एकटाच वाजत राहिला. नंतर त्याने कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “माणसं उठून चपला शोधतात ना, तेवढा वेळ वाजू दे.”

मग नागपूरला बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या तिकडे गेल्या. अल्बम ऑनलाइन बाहेर काढायचं काम अच्युतरावांवर आलं.

प्रतीकने त्यांना समोर बसवून चहा पाजला आणि हळूच विषय काढला. “काका, बुरा मत मानना, पण आजकल अल्बमला एक बोनस ट्रॅक तो पाहिजेच. काहीतरी हटके. लोक त्याच्यासाठी येतात, मग बाकीचं पण ऐकतात.” अच्युतरावांनी विचारलं, आता आणखी गाणं आणायचं कुठून? तर प्रतीक म्हणाला, की ते भाजीचं गाणं आहे की. माझी मम्मी अजून गाते.

अच्युतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीस-एक वर्षांपूर्वी मंडळाच्या कार्यक्रमासाठी त्यांनी ते रचलं होतं. नागपूरहून बदली होऊन आलेल्या कारकुनाची बायको जवाहर चौकात अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत भाजीवाल्याशी हुज्जत घालते आहे, असं ते गाणं. ‘भैया, भाव नीट बोलो.’ मनोरमाबाईंनी पदर खोचून, हातात पिशवी घेऊन ते म्हटलं आणि सभागृह हसून हसून बेजार झालं. मंडळाचे मिलिंद देशकर तेव्हा नुसते कार्यकर्ते होते, आता अध्यक्ष आहेत. त्यांच्याकडे त्या कार्यक्रमाची कॅसेट होती. प्रतीकने ती मागवून, साफसूफ करून, ऐकण्याजोगी केलीसुद्धा होती.

अच्युतरावांनी नागपूरला फोन लावला. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

“भैरवीनंतर?” मनोरमाबाईंनी विचारलं.

ते बैठकीत धरायचंच नाही, बोनस म्हणजे नुसतं वरचं, जिलबीवर जिलबी, असं अच्युतरावांनी समजावलं.

“अहो, भैरवी झाली की उठायचं असतं. पुढे गायलं तर ती भैरवी राहत नाही.”

लोक कुठे एवढं बघतात, असं ते म्हणाले.

“तुम्ही तरी बघा,” असं त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात डॉक्टर आले म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता यात ‘नाही’ हा शब्द कुठे होता? अच्युतरावांनी फोनवरचं सगळं बोलणं मनात पुन्हा पुन्हा तपासलं, आणि तो शब्द त्यांना काही सापडला नाही. शोधणाराच असा होता, की सापडण्याची शक्यता कमी. त्यांनी प्रतीकला होकार कळवला. मग प्रतीकने आणखी एक काढलं. भैरवीच्या शेवटी तानपुरा फार लांबतो, लोकांना वाटतं सगळं संपलं, ते बंद करतात, बोनसपर्यंत पोचतच नाहीत. तो जरा कापू का? अच्युतराव म्हणाले, काप. त्यांच्या कानात तेव्हा ढोलकी वाजत होती.

मनोरमाबाई परत आल्या त्या दिवशी त्यांनी हौसेने स्पीकर मांडला. बाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं, मध्ये दोन-तीनदा मानही डोलावली. भैरवी आली. ‘दिवा राहू दे’ वरचा शेवटचा षड्ज लागला, आणि तो विरतो न विरतो तोच ढोलकीची थाप पडून जवाहर चौकातला भाजीबाजार सुरू झाला. मनोरमाबाईंनी डोळे उघडले.

“तानपुरा कुठे गेला?”

अच्युतराव समजावून सांगू लागले. त्यांचं सांगून संपायच्या आधीच त्या कुकर लावायला आत गेल्या होत्या.

बोनस ट्रॅक चालला. नुसता चालला नाही, धावत सुटला. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी पोरी पदर खोचून त्यावर व्हिडिओ करू लागल्या. लग्नाच्या हॉलमध्ये हळदीला ते गाणं वाजलं. अच्युतरावांना अनोळखी माणसांचे फोन आले आणि त्यांनी प्रत्येकाला गाण्याचा इतिहास पहिल्यापासून सांगितला. पण प्रतीकचं अर्धंच बोलणं खरं ठरलं. लोक त्या गाण्यासाठी आले आणि तेवढं ऐकून गेले. जे थोडे आधीच्या गाण्यांकडे वळले, त्यांना वाटलं हा विनोदी गाण्यांचा अल्बम असणार. ते दहा सेकंद थांबले आणि निघाले. एका बाईंनी मात्र सगळा अल्बम ओळीने ऐकून लिहिलं होतं, की भैरवी ऐकून डोळे भरले, पण शेवटी त्या गाण्याने सगळ्यावर पाणी फिरवलं. अच्युतरावांनी ते वाचलं. बाकीचं सगळं कौतुक ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवत, एवढं मात्र दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं. त्यांना आतून कळलं होतं, म्हणूनच दाखवलं नाही.

मंडळाच्या वर्धापनदिनाला मिलिंद देशकरांनी मनोरमाबाईंचा सत्कार ठेवला. अट एकच, भाजीचं गाणं झालं पाहिजे. अच्युतराव भीत भीत बायकोला विचारायला गेले, तर त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांना इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशी पेटीचा भाता दुरुस्त करून आणला.

सभागृह भरून लोक उभे होते. एरवी मंडळात न फिरकणारी तरुण मंडळीही आली होती, आणि सत्कार होतो न होतो तोच मागून ‘भैया, भैया’ असा गजर सुरू झाला. मनोरमाबाई बैठकीवर बसल्या, पदर सारखा केला. तानपुऱ्यावर त्यांची एक शिष्या होती. अच्युतरावांनी हसत हसत भाजीच्या गाण्याची सुरावट धरली. मनोरमाबाईंनी हात लांबवून पेटीवर ठेवला.

“भैरवी,” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांना वाटलं, बायकोची गडबड झाली. “आधी?”

“आधी.”

आणि त्यांनी ‘दार ओढुनी घेते आता’ सुरू केलं. पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतले म्हातारे दचकले, एकमेकांकडे बघू लागले. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मागची पोरंही गप्प झाली होती. अच्युतराव साथ करत होते खरे, पण एकेक सूर त्यांना जड जात होता. बाईंनी शेवटचा षड्ज लावला, सोडला, आणि शिष्येला आधीच सांगून ठेवलं असावं, कारण तानपुरा तसाच वाजत राहिला. मनोरमाबाईंनी श्रोत्यांना हात जोडले आणि त्या उठल्या.

मिलिंद देशकर माइक घेऊन पुढे झाले, त्यांनी तोंडही उघडलं, आणि तसंच मिटलं. भैरवीनंतर ‘आणखी एक’ म्हणायचं कसं? या मंडळात वर्गणीचे, वेळेचे, निवडणुकीचे सगळे नियम आजवर मोडून झाले होते, पण हा मोडायची कुणाची छाती झाली नाही. पुढच्या रांगेतले म्हातारे चपला शोधू लागले होते. मागची पोरं थोडा वेळ ताटकळली आणि जेवणाकडे गेली.

घरी परतताना अच्युतरावांनी गाडीतच विषय काढला. म्हणाले, की तू तेव्हा स्पष्ट नाही म्हणाली असतीस तर मी कशाला...

“चाळीस वर्षं माझ्या शेजारी पेटी धरलीत,” मनोरमाबाई म्हणाल्या. “मी श्वास कुठे घेणार ते तुम्हाला आधी कळतं. आणि ‘नाही’ कळलं नाही?”

अच्युतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून चहा आला, सोबत एक सूरही आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चांगल्या महिन्याभराने त्यांनी धीर करून विचारलं, तर बाई साधेपणाने म्हणाल्या, “झाली की आता भैरवी.” आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

शेवटी ते मिसरोदला गेले. प्रतीकला म्हणाले, ते गाणं अल्बममधून काढ आणि तानपुरा होता तसा लाव. प्रतीकने खूप समजावून पाहिलं, पण अच्युतराव हटले नाहीत. तानपुरा सुदैवाने मूळ फाइलमध्ये शाबूत होता. तो लागला, बोनस ट्रॅक गेला, ‘बैठक’ पुन्हा सात गाण्यांची झाली. अच्युतराव समाधानाने उठणार, तेवढ्यात प्रतीक म्हणाला, “पण काका, गाणं पूराच उडवू का? इतके लोक ऐकतायत. अलग टाकून देतो ना. अल्बमशी काही संबंध नाही.”

खरं तर तिथेच उठून यायचं होतं. पण अच्युतरावांना ती हळदीची पोरं आठवली, तो हॉल आठवला. आयुष्यात लावलेल्या एवढ्या चालींमधली एकच चाल लोकांच्या तोंडी बसली होती. अल्बममध्ये नाही, म्हणजे तिच्या भैरवीला धक्का नाही. मग हिचं काय बिघडतं? त्यांनी जिना उतरता उतरता म्हटलं, “अलग राहू दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मनोरमाबाई आत मेथी निवडत होत्या. अच्युतरावांनी फोनला स्पीकर जोडला आणि अल्बम पहिल्यापासून सुरू केला. एकामागून एक गाणी झाली. आतून ना हूं ना चूं. भैरवी लागली, तेव्हा मेथीची सळसळ थांबली. ‘दिवा राहू दे’ झालं, आणि तानपुरा एकटाच वाजू लागला.

मनोरमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात अर्धी जुडी होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, आणि तानपुऱ्याच्या सुरात सूर मिसळून अगदी हळू, ओठातल्या ओठात, त्या षड्ज धरून उभ्या राहिल्या. अच्युतरावांचा ऊर भरून आला. किती दिवसांनी! त्यांना वाटलं, हे संपलं की आपण उठायचं आणि सरळ माफी मागायची. चाळीस वर्षांत एकदाही मागितली नव्हती.

तानपुरा थांबला. खोली शांत झाली. अच्युतराव उठले.

अल्बम संपला की फोन गप्प बसत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो आपल्या मनानेच पुढचं गाणं शोधतो, त्याच गायिकेचं, सगळ्यांत जास्त ऐकलं गेलेलं. ढोलकीची थाप पडली. ‘भैया, भाव नीट बोलो.’

अच्युतराव चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. घाईत बोट भलतीकडे लागलं आणि आवाज आणखी मोठा झाला. मनोरमाबाई पुढे आल्या आणि त्यांनी स्पीकरचं बटण बंद केलं.

“ठेवलंत ना?” त्या म्हणाल्या.

 माफी मागायची होती ती राहूनच गेली. बाई आत जाऊन पाटावर बसल्या. अच्युतराव बंद स्पीकरसमोर उभे राहिले. आतून मेथीची देठं मोडल्याचा आवाज येत होता, दुसरा काही नाही.