नजर थोडी खाली

“झोपलीस का गं, चिमणे?”

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला आणि तापानं फणफणलेली ती पांघरुणातूनच म्हणाली, “नाही, बाबा.” मग वाट बघत राहिली. बाबा भरदुपारी घरी आले होते, आणि असं मऊ, सायीसारखं बोलत होते! पण पावलं काही वाजेनात. शेवटी तीच भिंतीला धरधरून दारापर्यंत गेली. आत्या टीव्हीसमोर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. पडद्यावर बाबा होते, तरुण, दाट केसांचे. आणि भलत्याच एका मुलीच्या पलंगाशी ते वाकले होते.

“अगं, जुनी मालिका परत दाखवतायत,” आत्या म्हणाली. “बघ की, तुझा बाप कसला राजबिंडा दिसायचा!”

तिनं बघितलं नाही. परत जाऊन ती भिंतीकडं तोंड करून पडली. संध्याकाळी खरे बाबा आले. त्यांनी तिच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावली, “उतरलाय,” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

तापात भिंतीकडं तोंड करून पडलेली ती मुलगी आता माध्यमशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या संकलन-कक्षात, कानाला हेडफोन लावून, तोच प्रसंग पुढं नेत होती, मागं आणत होती. प्रबंधाचा विषय तिनंच निवडला होता: रोजच्या मालिकांमधला बाप. या मालिकेतला बाप तर मध्येच बदलला होता. एका संध्याकाळी त्याच दारातून, तोच स्वेटर घालून दुसराच माणूस आत आला, आणि मुलगी “बाबा!” म्हणत त्याच्या गळ्यात पडली. घरातल्या कुणाला काही खटकलं नाही. मालिकेतल्या कुत्र्यानंसुद्धा शेपटी हलवली.

पहिल्या बापानं, म्हणजे तिच्या बाबांनी, त्यानंतर कधी तोंडाला रंग लावला नाही. त्यानं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान टाकलं. मालिकेतून का निघालात, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. आई ती फार लहान असताना दवाखान्यातच गेली, मग आत्या राहायला आली, आणि त्या तिघांच्या घरात बोलायचं खातं आत्याकडंच राहिलं. पडद्यावर ओंजळीनं माया सांडणारा माणूस घरात थेंबाथेंबानं बोलायचा. मैत्रिणींना ती म्हणायची, सगळी तिथंच खर्चून आला असणार. थट्टेत म्हणायची, पण ते तिच्या आत कुठंतरी कुसळासारखं रुतून बसलं होतं.

तिनं चित्र थांबवलं. बाबांचा चेहरा पडदाभर. डोळे ओलसर, ओठांच्या कोपऱ्यात हसू दडवलेलं. आणि नजर चुकलेली.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला भास होतोय. अशा प्रसंगात मुलीचे शॉट आधी उरकून तिला घरी पाठवतात. मग बापाचा चेहरा एकट्याचा घेतात. मुलीचे डोळे जिथं असायला हवेत तिथं, कॅमेऱ्याशेजारच्या स्टँडवर, कागदाची चिकटपट्टी लावलेली असते. त्या पट्टीकडं बघून बोलायचं. जोडताना दोघं एकमेकांकडं बघतायत असं वाटलं पाहिजे. दुसरा बाप बरोब्बर बघत होता. हा पहिला मात्र प्रत्येक वेळी त्या खुणेच्या डावीकडं, खाली बघत होता. एका भागात नाही, सगळ्या भागांत.

तिनं प्रकरणात लिहून टाकलं: ‘ही नटाची बेफिकिरी आहे.’ लिहिताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

मार्गदर्शक बाईंनी ते वाक्य वाचून चष्मा कपाळावर सरकवला.

“बेफिकीर माणूस असा बघतो?”

“पण नजर चुकलीय, बाई. दिसतंय ना.”

“चुकलीय खरी. पण सारखी एकाच जागी चुकतेय.” बाईंनी कागद तिच्याकडं सरकवला. “हे वाक्य तुझ्या अभ्यासातून आलंय की तुझ्या घरातून?”

तिनं कागद उलटा करून ठेवला.

“नट घरातच आहे तुझ्या. बाकीची पोरं मुलाखतीसाठी जोडे झिजवतात. विचार जा. सोमवारी मला हे प्रकरण पक्कं पाहिजे.”

बाबांना विचारायच्या आधी तिनं मालिकेच्या जुन्या संकलकाला गाठलं. तो आता निवृत्त होऊन नातवंडं सांभाळत होता; फोनमध्ये मागं कालवा चालला होता.

“तू त्याची लेक? अरे वा! तुझा बाप सोन्यासारखा नट गं. पण कापायला बसलं की माझा जीव जायचा. पोरगी इकडं, ह्याची नजर भलतीकडं. ए, खाली उतर आधी, पडशील! तुला नाही गं. दिग्दर्शकानं समजावलं, निर्मात्यानं दम दिला. हो म्हणायचा आणि परत तेच.”

“म्हणून काढलं त्यांना?”

“मग काय करणार? रोजचा भाग रोज द्यायचा असतो, बाई. वाईट वाटलं सगळ्यांना. तो मात्र एक शब्द बोलला नाही. मेकअप पुसला आणि गेला.”

तर काम असं गेलं होतं. पट्टीकडं बघायला सांगत होते आणि बघितलं नाही, एवढ्यासाठी. मग तो जीव ओवाळून टाकणारा डोळा कुणावर लागला होता? दारात उभ्या असलेल्या एखाद्या बाईवर? तिच्या मनात नको ते येऊन गेलं, आणि ते येऊन गेल्यावर तिला घरी थांबवेना. लॅपटॉप पिशवीत घालून ती दुकानात गेली.

बाबा काच कापत होते. हिऱ्याच्या कलमानं एक सरळ रेघ ओढली, काच टेबलाच्या कडेवर धरून हलकेच दाबली. टक् करून दोन तुकडे झाले. मग त्यांनी मान वर केली.

“जेवलीस?”

“हो. बाबा, एक दाखवायचं होतं.”

तिनं लॅपटॉप उघडला. बाबांनी स्वतःचाच तरुण चेहरा बघितला आणि फडक्यानं हात पुसायला लागले. हात स्वच्छच होते.

“हे कशाला आता?”

“अभ्यासात आहे माझ्या. मी लिहिलंय, नटाची बेफिकिरी.”

“बरोबर लिहिलंयस.”

“बाबा.”

“अगं, चूक ती चूक. परीक्षेत काय, बाप म्हणून मार्क देणारेत का?” ते हसले, आणि नवी काच ओढायला वळले.

ती तिथंच उभी राहिली. एरवी अशा वेळी ती निघून जायची. या घरात सगळे असेच एकमेकांना मोकळं सोडत आले होते. आज तिनं पुढं होऊन काचेवर तळहात ठेवला.

“हात काढ. कापेल.”

“संकलक काका म्हणाले, यावरून तुमचं काम गेलं. सांगूनही तुम्ही ऐकलं नाहीत. का?”

“झालं ते झालं. दुकान बरं चाललंय की.”

“मी आजारी होते तेव्हा हा आवाज ऐकला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, मला बोलावताय. मी ओ दिली, बाबा. लहानपणभर मी त्या मुलीचा राग राग केला. आणि आता दिसतंय की तुम्ही तिच्याकडंसुद्धा बघत नव्हता. मग कुणाकडं बघत होता?”

रस्त्यावरून एक गाडी गेली; टांगलेल्या रिकाम्या चौकटी थरथरल्या आणि थांबल्या. बाबांनी कलम खाली ठेवलं. पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडं त्यांनी नीट बघितलं, जणू त्या तरुणाची परवानगी घेत होते.

“कॅमेऱ्याच्या डावीकडं आवाजवाल्याचं टेबल असायचं,” ते म्हणाले.

“आणि?”

“टेबलाखाली तू.”

तिचा हात काचेवरून आपोआप निघाला.

“तुझी आई दवाखान्यात होती. आत्या अजून आली नव्हती. तुला कुणाजवळ ठेवणार? सेटवर पोरं आणायची नाहीत, असा निर्मात्याचा नियम. आवाजवाला भला माणूस, त्यानं टेबलावरून चादर सोडून तुला आडोसा केला. चादर थोडी बाजूला सारून बसायचीस, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून.” बाबांनी लॅपटॉपचा पडदा अंगठ्यानं हळूच पुसला. “तुला सांगितलं असतं, तर आपल्यापायी बापाचं काम गेलं म्हणत बसली असतीस. म्हणून नाही बोललो.”

“पण शॉटपुरतं तरी, बाबा. एवढंसं तर वर बघायचं होतं.”

“बघितलं ना. पहिल्या दिवशी बघितलं,” बाबा म्हणाले. “नजर वर घेतली की तू रडायला लागायचीस.”