पाना खिशात

घरात दोघींनाच त्या गाडीचं वेड होतं, आणि त्यातल्या धाकटीला सगळे बारकी म्हणत. बारकी दहावीत होती, उंचीने मावशीच्या वर गेली होती, तरी बारकीच. गाडीचं नाव म्हातारी. मावशीने ती भंगारवाल्याच्या दारातून ओढून आणली होती आणि सुट्टीच्या दिवशी दोघी गॅरेजमध्ये तिच्या पोटात डोकं खुपसून असायच्या. वरच्या मजल्यावर बाबांची झोपायची खोली, बरोबर तिच्याखाली म्हातारीचं बॉनेट. बाबांनी एकदाच, पण कायमचं सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी जळका वास आला, त्या दिवशी ही बया आली तिथे परत."

म्हणून मावशीचे कायदे कडक. पेट्रोलचं काम असलं की शटर पूर्ण वर. मोबाईल स्वयंपाकघराच्या खिडकीत. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. आग विझवायचं लाल नळकांडं दाराच्या बाहेरच्या अंगाला, कारण आग लागली की माणूस बाहेर पळतं, आत नाही. आणि सगळ्यांत मोठा कायदा बॅटरीचा. आधी तिची काळी तार काढायची, आणि जिने काढली तिने दहा नंबरचा पाना स्वतःच्या खिशात ठेवायचा. तसला पाना घरात एकच. तो खिशात गेला की दुसरं कोणी चुकून तार जोडेल ही भीतीच नाही. त्यामुळे बॅटरी काढलीस का, असं त्या एकमेकींना विचारतच नसत. "पाना?" "खिशात." संपलं.

त्या सकाळी बारकीचे पाय जमिनीवर नव्हते. म्हातारीच्या मागच्या दिव्यांचं वायरिंग तिने आदल्या दिवशी एकटीने केलं होतं, मावशीला हातसुद्धा लावू दिला नव्हता. सकाळी उठून तिने शहाण्यासारखी काळी तार काढली, पाना खिशात टाकला, आणि मग तिला काही राहवेना. लागतील का दिवे? एकदाच बघू. कोणाला कळतंय! तिने तार परत जोडली, बटण दाबलं, आणि दोन्ही लाल दिवे असे काही झळकले की ती मागच्या बंपरभोवती गोल गोल नाचली.

"अगं ए, जादा तास आहे ना शाळेत? निघ!" जिन्यावरून मावशीची हाक आली.

बारकीने बटण बंद केलं, पाना खिशात कोंबला, दप्तर उचललं.

"पाना?"

"खिशात!"

"राहू दे, घेऊनच जा. मी आज पेट्रोलचा पाईप बदलून टाकते. पार भेगाळलाय मेला."

वर्गात बारकीला बसवत नव्हतं. गणिताच्या बाई फळ्याकडे वळल्या रे वळल्या की ती बाकावरच्या मैत्रिणीच्या कानाशी. "दोन्ही लागले गं! पहिल्या फटक्यात!"

"पण तूच म्हणतेस ना, काम करताना बॅटरी काढलेली असते? मग लागले कशावर?"

"कशावर म्हणजे, मी तार..." बारकीचा हात खिशातल्या पान्यावर थबकला. तार परत काढायची राहिलीच होती.

पाईप सुटला की पेट्रोल सांडणारच. आणि पाईपच्या बरोबर खाली स्टार्टर, त्याला आलेली बॅटरीची जाड वायर. तार काढलेली असेल तर ती वायर मेलेली. तार जोडलेली असेल, तर लोखंडी पक्कड नुसती वायरीच्या टोकाला आणि गाडीच्या अंगाला एकदम टेकायचा अवकाश. ठिणगी.

"बाई, पोटात दुखतंय," म्हणत ती बाईंच्या होकाराआधीच दाराबाहेर होती.

शाळेच्या ऑफिसातल्या कारकून बाईंनी फोन पुढे सरकवला. मावशीचा मोबाईल वाजत राहिला. वाजणारच. तो कायद्याप्रमाणे खिडकीत पडला होता आणि मावशी कायद्याप्रमाणे त्याच्यापासून लांब होती. बारकीने पुन्हा लावला. पुन्हा.

"नाही ना उचलत? दुसऱ्या कोणाला तरी लाव," बाई म्हणाल्या.

दुसरं कोण? आई कामावर. घरात फक्त बाबा, रात्रपाळी करून झोपलेले. बाबांना सांगायचं म्हणजे म्हातारी गेली. लाल दिवे गेले, सुट्ट्या गेल्या, सगळंच गेलं. तिने ओठ चावत परत मावशीलाच लावला. रिंग नुसती वाजत होती, आणि त्या प्रत्येक रिंगला मावशीचा हात पाईपच्या आणखी जवळ जातोय असं तिला दिसत होतं. तिने फोन कापला आणि बाबांना लावला.

"कोण? काय?" झोपेतला घोगरा आवाज.

"बाबा, खाली पळा. मावशीला सांगा बॅटरी चालू आहे. मी जोडली होती, मीच! तुम्ही कशाला हात लावू नका, दिवा लावू नका, फक्त तिला बाहेर ओढा. पळा ना, बाबा!"

फोन गादीवर पडल्याचा धप्प आवाज आला. चपला जिन्यावरून फटफटत गेल्या. मग नुसता पंख्याचा आवाज. बारकीने फोन कानाशी दाबून धरला. लांबून काहीतरी ओरडल्यासारखं, की कोणी रस्त्यावर? परत पंखा. तिने फोन बाईंच्या हातात दिला आणि धूम ठोकली.

पेट्रोलचा वास गल्लीच्या तोंडाशीच आला. जळका नव्हे, नुसता पेट्रोलचा. समोरच्या फुटपाथवर मावशी कोपरापर्यंत ओले हात अंगापासून लांब धरून बसली होती. शेजारी पायजम्यातले बाबा, लाल नळकांडं तान्ह्या बाळासारखं कवटाळून.

"भावोजी नुसते बॅटरी, बॅटरी करत दारात आले. मला वाटलं, झोपेत बरळताहेत," मावशी हसायला गेली, पण हसू काही जमलं नाही. "पक्कड हातात होती गं. वायरीपासून बोटभर."

"मावशी..."

"खिशात म्हणालीस."

"होता ना खिशात," बारकी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचीच तिला लाज वाटली.

"खाली हिचा फोन सारखा कोकलत होता," बाबा म्हणाले. "मला आधी का नाही केलास?"

"तुम्ही म्हातारी परत पाठवली असती."

बाबांनी नळकांडं नुसतं आणखी घट्ट धरलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पाठवा परत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण आत्ता आत नका जाऊ. आधी वास जाऊ दे. मग तार मी काढते."

"तू नाही," मावशी शांतपणे म्हणाली आणि हात धुवायला मागच्या नळावर गेली.

हे जास्त लागलं. बारकी दारापाशी येरझाऱ्या घालत राहिली. बसली, उठली, सांडलेल्या पेट्रोलवर लांबूनच माती टाकली, परत उठली. वारा आरपार फिरला, वास विरत विरत गेला. तेव्हा बाबा नळकांडं खाली ठेवून, आजवर कधी ओलांडला नव्हता तो गॅरेजचा उंबरा ओलांडून आत गेले.

"कुठली ती तार?"

"काळी. लाल आधी काढायची नाही. पाना गाडीला टेकला तर ठिणगी उडते."

"आण इकडे." त्यांनी हात पुढे केला. बारकीने पाना दिला. "आता तू सांगायचं, मी काढणार. आणि यापुढे खिशात-बिशात काही ऐकणार नाही. तार सुटलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणी पाईपला हात लावायचा नाही."

यापुढे! बारकीने तो शब्द बरोबर टिपला. बाबा दात आवळून नटाशी झटत होते.

"बाबा."

"काय?"

"उलटा फिरवताय."

"मग आधी बोलायला काय होतं तुला!" बाबा खेकसले, आणि पाना दुसऱ्या बाजूला वळवला.